मदत हवी आहे : सोलरच्या टाकीत पाणी कढत, वरच्या मजल्यावर गरम, तळमजल्यावर मात्र कोमट

नमस्कार.

आमचे घर धुळ्यात, देवपूर भागात आहे. खानदेश म्हटले की लोकांना मे महिन्यातले ऊन आठवते. पण डिसेंबर-जानेवारीत इथला पारा पहाटे ७-८ अंशांपर्यंत उतरतो, हे इथे राहणाऱ्यांनाच ठाऊक असते. माझे वडील ऐंशीच्या पुढचे आहेत. पहाटे स्नान करून पूजेला बसण्याचा त्यांचा नेम आहे आणि जिना चढवत नसल्यामुळे त्यांना तळमजल्यावरचेच न्हाणीघर वापरावे लागते. नेमके तिथेच पाणी कोमट येते, म्हणून सगळी मांडणी सविस्तर लिहीत आहे.

गच्चीवर काचेच्या नळ्यांचा २०० लिटरचा सोलर (उन्हावर पाणी तापवणारा हीटर) आहे. नळ्यांचे तोंड दक्षिणेला असून त्यांच्यावर दिवसभरात कसलीही सावली पडत नाही. गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच ओट्यावर आहे, सोलरच्या टाकीतली हवा-वाफ बाहेर सोडणारा एअर पाइप त्याहूनही वर नेलेला आहे आणि घरात प्रेशर पंप कुठेही नाही. दोन्ही पाणी केवळ उंचीच्या दाबाने येते. सोलरपासून पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा) पाइप उत्तरेकडच्या भिंतीवरून खाली येतो, त्यातून आधी वरच्या न्हाणीघराला फाटा जातो आणि मग तोच पाइप तळमजल्यावर पोचतो. एकूण लांबी साधारण २० मीटर भरते.

पहिले पाणी गार येणार हे मला मान्य आहे. या जाडीच्या पाइपात मीटरमागे सुमारे पाव लिटर पाणी मावते, म्हणजे पाच लिटरच्या आसपास पाणी रात्रभर पाइपात निवलेले असते. पण तेवढे सोडून दिल्यावर तरी गरम पाणी यायला हवे. आमच्याकडे दुसरी बादली भरत आली तरी पाणी कोमटच असते. त्याच वेळी वर जाऊन गरम नळ सोडला, तर हात धरवणार नाही असे पाणी येते. तळमजल्यावर धार बारीक आहे असेही नाही, उलट ती वरच्यापेक्षा जोरात आहे.

आमच्याकडे बोअरचे पाणी आहे आणि त्याला क्षार फार. नळाच्या तोंडावर पांढरी पुटे चढतात, म्हणून सर्व जाळ्या काढून साफ केल्या. सोलरची टाकीही हिवाळ्यापूर्वी धुऊन घेतली. एका प्लंबरच्या मते पाइपात एअर लॉक झाला आहे, म्हणजे हवा अडकून पाणी अडते आहे. ज्यांच्याकडून सोलर घेतला ते नळ्या बदला म्हणतात. तिसरा सल्ला खाली वेगळा गिझर बसवण्याचा आहे. वरच्या मजल्यावर इतके गरम पाणी येत असताना नळ्यांचा दोष कसा, हे मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. भाऊ आणि त्याचे कुटुंब वर राहते. ते सुट्टीत जळगावला गेले की खाली पाणी बरे येते. तेव्हा एकूण वापरच कमी होत असेल, असे आम्ही धरून चाललो आहोत. वरच्या न्हाणीघरात मुलांना अंघोळ घालण्यासाठी मिक्सरला (गार-गरम पाणी एकत्र करणाऱ्या नळाला) लवचीक नळीचा हँड शॉवर जोडलेला आहे. बाकी दोन्ही मजल्यांवर साधे वेगवेगळे नळ आहेत.

जाणकारांनी कृपया सांगावे की दोष कुठे शोधावा.

प्रतिसाद

नमस्कार दादा. मी जळगावकडे अशी कामे पाहतो. आपण धारेविषयी लिहिलेत ते फार उपयोगाचे आहे. एअर लॉक असो की क्षाराने पाइप आवळलेला असो, दोन्हींत आधी धार मरते. आपल्याकडे धार भरपूर आहे आणि ऊब तेवढी कमी आहे, याचा अर्थ गरम पाण्याच्या पाइपात कुठून तरी गार पाणी शिरते आहे. घरात गार आणि गरम पाण्याची गाठ पडते ती एकाच जागी, त्या मिक्सरमध्ये.

हँड शॉवर बंद करताना बहुतेक घरांत फक्त नळीच्या टोकाची कळ दाबतात आणि मिक्सरच्या दोन्ही चाव्या अंदाज साधलेला असतो तशाच उघड्या ठेवतात. मग आतल्या आत गार आणि गरम पाइप एकमेकांना जोडलेले राहतात. कोणताच नळ उघडा नसेल तर दोन्हीकडचा दाब सारखा असल्यामुळे काहीच घडत नाही, म्हणून टाकीतले पाणी गरम राहते. खाली गरम नळ सोडताच त्या पाइपातला दाब उतरतो आणि गार पाणी मिक्सरमधून त्यात ओढले जाते. गार पाइप जाड आणि थेट असला तर गारच जास्त येते. गावी जाताना वरचे लोक चाव्या बंद करून जात असणार.

खात्री करणे सोपे आहे. सोलरच्या गरम पाइपावर गच्चीत जो व्हॉल्व्ह असेल तो पूर्ण बंद करा आणि तळमजल्यावरचा गरम नळ सोडा. पाइपातले उरलेले पाणी संपून धार थांबली तर माझा अंदाज चुकला असे समजा. धार चालूच राहिली, तर ते पाणी सोलरचे नाही. मात्र एअर पाइपाला कधीही बूच किंवा व्हॉल्व्ह लावू नका; टाकीची वाफ आणि दाब तिथूनच मोकळा होतो.

दोष तोच निघाला तर मिक्सरच्या गार आणि गरम अशा दोन्ही बाजूंना नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवून घ्या. तो झडपेचा घ्या, स्प्रिंगचा नको. दहा मीटर उंचीमागे दाब चौरस सेंटीमीटरला जेमतेम एक किलो मिळतो आणि वरच्या मजल्यावर तर आपल्याला तीन-चार मीटरच उंची मिळत असेल. एवढ्या दाबाला स्प्रिंग ढकलण्यातच धार निम्मी होते. झडपेचा व्हॉल्व्ह आडव्या पाइपात, बाण पाण्याच्या दिशेने ठेवून बसवावा.

धागाकर्ता

आपले मनापासून आभार, भाऊ. आपण सांगितल्याप्रमाणे गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून पाहिला. खालच्या गरम नळाची धार थांबली तर नाहीच, ती चांगली जोरात वाहत राहिली आणि पाणी पूर्ण गार झाले. मग वर जाऊन मिक्सरच्या गार बाजूचा अँगल कॉक (भिंतीतून येणारे पाणी बंद करणारी तोटी) फिरवून बंद केला, तशी खालची धार बारीक होत होत बंद पडली. गच्चीवरचा व्हॉल्व्ह पुन्हा उघडल्यावर, गार कॉक बंदच असताना, तळमजल्यावर बादलीचा तिसरा हिस्सा भरेपर्यंत कढत पाणी आले. आज वडिलांना बऱ्याच काळाने विसण घालून अंघोळ करावी लागली.

झडपेचे व्हॉल्व्ह आणायला सांगितले आहेत. ते बसेपर्यंत हँड शॉवरनंतर दोन्ही चाव्या बंद करण्याचे भावजयीने आणि मुलांनी मनावर घेतले आहे. नळ्या बदलण्याचा आणि गिझरचा विचार सोडला आहे.

आता एकच विचारायचे आहे. उत्तरेच्या भिंतीवरचा पाइप पूर्ण उघडा आहे. त्यावर फोमचे वेष्टण चढवले, तर इथल्या उन्हाळ्यात ते किती टिकते आणि वरून कोणते आवरण द्यावे, याचा अनुभव कोणाला असल्यास कृपया लिहावे.