मदत हवी आहे: स्किझोफ्रेनिया आणि उपाशीपोटीचे इन्सुलिन

नमस्कार. आम्ही फोंड्याला राहतो. माझ्या मावसभावावर बांबोळीला स्किझोफ्रेनियाचे उपचार सुरू आहेत. या आजारावरील ओलान्झापिन या औषधामुळे वजन, साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) वाढू शकतात हे डॉक्टरांनी समजावले होते. मात्र एकही गोळी न घेतलेल्या, पहिल्याच झटक्यातील रुग्णांमध्येही शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नसल्याचे अभ्यासांत आढळले आहे, हे कळल्यापासून त्याचे औषधापूर्वीचे रिपोर्ट मी पुन्हा काढले. साखर तेव्हा मर्यादेत होती, इन्सुलिन मात्र तपासलेलेच नव्हते.

या आजाराचे निदान लक्षणांवरूनच होते, रक्ताच्या चाचणीवरून नव्हे, याची मला कल्पना आहे. त्यामुळे रक्तावरून निदानाचा दावा करणारी तपासण्यांची पॅकेजे कृपया सुचवू नयेत. साखर मर्यादेत असताना उपाशीपोटीचे इन्सुलिन मोजल्याने उपचारात प्रत्यक्ष फरक पडला, असा कुणाचा अनुभव आहे का, की एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी), लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची चाचणी) आणि कमरेचा घेर यांवर लक्ष ठेवणे पुरेसे आहे? मेटफॉर्मिन या मधुमेहावरील गोळीचा विषय डॉक्टरांकडे कोणत्या आकड्यांवरून निघाला? दोन्ही वेळा उकड्या तांदळाचा भात लागणाऱ्या घरात (आम्हांलाही तो सुटत नाही) पथ्य कसे बसवले, हेही सांगावे. औषध स्वतःहून बदलणार नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमके काय विचारावे, एवढेच ठरवायचे आहे.