मदत हवी आहे : नोकरी सोडून एलएलबी करावं का? (अमळनेर/जळगाव)

नमस्कार मंडळी,

मी अमळनेर तालुक्यातली, २०२१ ची बी.कॉम. सध्या जळगावला एका दुकानाचे हिशेब बघते. तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी द्यायचं मनात आहे.

आमचं घर एकोणीस माणसांचं. विहिरीच्या पाण्याची पाळी, कापसाच्या पैशातून आधी कोणाच्या पोराची फी भरायची, सगळं रात्री ओट्यावर ठरायचं. आजोबा सगळ्यात धाकट्या सुनेला आधी बोलायला लावत. मोठे बोलून गेल्यावर ती तोंड उघडणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. वकिलीची ओढ मला त्या ओट्यावरच लागली.

आजोबा २०१३ मध्ये गेले. पुढच्या आखाजीला तिन्ही आत्या माहेरी आल्या. सण उरकल्यावर त्यांना दुय्यम निबंधकाकडे नेऊन हक्कसोड पत्रावर सह्या घेतल्या. "सातबाऱ्यावरची नावं कमी करायचीत," एवढंच सांगितलं. धाकट्या आत्यानं कागद माझ्या हातात दिला, "वाच बरं." मी शाळकरी पोर, 'समाईक', 'निर्वेध' असल्या शब्दांशी अडले. तिनं सही केली. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आत्याला विचारलं, तर म्हणाली, "माहेर तुटाले नको, म्हनीसन सही करी दिनी." सगळं कळूनही तिनं कदाचित तेच केलं असतं. पण तिला ते आधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

काकांवर दावा लावायचा नाही. तालुक्यालाच बसून वाटणी, फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावांतले बदल), हक्कसोडीची कामं करायची आहेत, सही करणाऱ्या बाईला कागद नीट समजावून.

बार कौन्सिलच्या नियमानं ७० टक्के हजेरी लागते. नोकरी सांभाळून जळगाव-धुळ्याकडे कोणाला हे जमलंय का? माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, निकालपत्रांचं इंग्रजी अंगवळणी पडायला किती दिवस लागले? वकिलीची सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी चालत नाही, मग तालुक्याला ज्युनिअर म्हणून सुरुवातीला महिन्याचं कसं भागवलंत? दिवाणी आणि महसूल दोन्ही कामं शिकवणारे सीनिअर कसे शोधलेत? वकील ताईंनी आवर्जून लिहावं.

आणि एक. घरात वकील आला की भाऊ-भाऊ कोर्टात जातात, असं वडिलांना वाटतं. तुमच्या घरी हे कोणी म्हणालं असेल, तर तुम्ही त्यांना काय सांगितलंत?