बाबांना मायस्थेनिया निघालाय: बांबोळीतच (गोवा मेडिकल कॉलेजात) ठेवू की बाहेर नेऊ? छातीचं ऑपरेशन करावं का?

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, म्हणून जरा लांबड लावतो.

बाबा ६१ वर्षांचे. साखर आहे, पण गोळ्यांवर ताब्यात. वाड्यावरच्या भजनी मंडळात गातात. श्रावणात सप्त्याला पहिला अभंग खणखणीत झाला, दुसऱ्याला आवाज नाकात गेला आणि तिसऱ्याला शब्दच बोबडे यायला लागले. मागून कोणीतरी 'घेऊन आलेत काय?' असंही कुजबुजलं. आमचे बाबा सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाहीत.

नंतर डावी पापणी उतरायला लागली, तीही फक्त संध्याकाळी. आरतीला उभे राहिले की म्हणायचे, मला दोन समया दिसतात. सकाळी उठले की सगळं साफ! डोळ्यांच्या एका डॉक्टरांनी साखरेमुळे नस कमजोर झाली म्हणून सांगितलं, महिना त्यातच गेला. मग एकदा पोदेराचा उंडा (गोल, कडक पाव) खाताना बाबा हनुवटीखाली हात देऊन जबडा वर ढकलताना दिसले, तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली.

आता रक्तात अँटिबॉडी (शरीर एरवी जंतूंविरुद्ध बनवतं ती प्रथिनं) सापडल्यात. मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार. पायरिडोस्टिग्मिन ६० मिलीग्राम दिवसातून तीनदा चालू आहे, पुढच्या आठवड्यात छातीचा सीटी स्कॅन. डोळे पडतात तर छाती कशाला, हेच घरात कोणाला पटत नाहीये. कोण बेंगळुरू म्हणतं, कोण मणिपाल. आईने देवळात प्रसाद (कौल) लावला, तो उजवा पडला, म्हणजे देवाचा होकार. आता तुम्ही सांगा.

माशेलची माई:
दादा, मी या आजारासोबत चौदा वर्षं काढली आहेत. निदान झालंय ना? मग अर्धी लढाई मारलीत. मला 'मनाला लावून घेता' हे ऐकण्यातच दीड वर्ष गेलं होतं, कारण ओपीडी सकाळची आणि माझ्या पापण्या पडायच्या दिवेलागणीला.

म्हणून पहिली सूचना ही: संध्याकाळचे बाबा मोबाईलवर पकडून ठेवा. छताकडे एकटक मिनिटभर बघायला लावा, पापणी हळूहळू कशी उतरते ते रेकॉर्ड करा. १ ते ५० मोठ्याने मोजायला लावा, कितव्या आकड्याला आवाज नाकात जातो ते लिहा. डॉक्टरांना संध्याकाळ दाखवायची, सकाळ नव्हे.

बांबोळी सोडू नका. हा आयुष्यभराचा आजार, डोस वरखाली करावा लागतो, रात्री काही झालं तर डिचोलीहून बांबोळी गाठता येते, बेंगळुरू नाही. दुसरं मत हवं असेल तर निमहान्सला (बेंगळुरूचं मेंदू-नसांचं मोठं इस्पितळ) एकदा कागद घेऊन जाऊन या, पण रोजचा डॉक्टर घराजवळचाच हवा.

निवृत्त नर्सबाई:
छाती कशाला, याचं उत्तर देते. आधी बिघाड कुठे आहे ते समजून घ्या, कारण नातेवाईक 'नसा कमजोर' म्हणून बदाम खाऊ घालत बसतात. नस धड आहे, स्नायूही धड आहे. बिघाड दोघांच्या मधल्या फटीत आहे.

रायबंदरहून चोडणला फेरीबोट जाते तसं समजा. नस म्हणजे अलीकडचा काठ, स्नायू पलीकडचा. ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन फेरीसारखं फट ओलांडतं आणि पलीकडच्या धक्क्याला, म्हणजे रिसेप्टरला, लागतं. मग स्नायू आकसतो. बाबांच्या शरीराने स्वतःच्याच धक्क्यांविरुद्ध अँटिबॉडी बनवल्यात. काही धक्के अडवलेत, बरेच पार उखडलेत. लागोपाठ काम केलं की नसेतून दर खेपेला रसायन थोडं कमी सुटतं, हे तुमच्याआमच्यातही होतं. पण आपल्याकडे धक्के भरपूर, त्यामुळे कळत नाही. बाबांकडे मोजकेच उरलेत. म्हणून पहिला अभंग पार पडतो आणि तिसरा अडकतो. विसावा घेतला की पुन्हा चालू.

आता छाती. या अँटिबॉडीच्या कारस्थानात छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीचा हात असतो. दहा-पंधरा टक्के रुग्णांत तिथे गाठ निघते, तिला थायमोमा म्हणतात. ती असली तर सहसा काढावीच लागते. नसली तरी अँटिबॉडी सापडलेल्या आणि त्रास डोळ्यांपुरता न राहिलेल्या रुग्णांना ग्रंथी काढल्याचा फायदा होतो, स्टेरॉइड कमी लागतात, हे २०१६ साली छापलेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. त्यात वयाची मर्यादा ६५ होती. म्हणजे बाबा बसतात, पण साखर आहे, तेव्हा ठरवू दे न्यूरॉलॉजिस्ट आणि सर्जनना एकत्र बसून. घाईने करायचं ऑपरेशन नव्हे हे. आधी गिळणं आणि श्वास स्थिर हवा.

जाता जाता: नाग चावलेल्या माणसाच्याही आधी पापण्याच पडतात. नागाचं विष याच धक्क्यांवर जाऊन बसतं. आपल्याकडे नागदंशात निओस्टिग्मिन देतात, ते बाबांच्या गोळीचंच भावंड. मेरी वॉकर या डॉक्टरीणबाईंना १९३४ साली इंग्लंडमध्ये असंच सुचलं होतं. मायस्थेनियाचा रुग्ण क्युरारे हे बाणाचं विष भिनल्यासारखा दिसतो, मग त्याचा उतारा देऊन बघू, म्हणून त्यांनी फायसोस्टिग्मिन टोचलं आणि पापणी वर आली.

वाळपईचो पोरगो:
माझ्या मावशीला एका वैद्यांच्या काढ्याने पुष्कळ फरक पडला. गोळ्या हळूहळू सोडल्या तिने.

निवृत्त नर्सबाई:
बाबा रे, या आजारात गोळ्या मनाने सोडून व्हेंटिलेटरवर गेलेली माणसं मी वॉर्डात सांभाळली आहेत. आजार आपणहून चढतो-उतरतो, उताराच्या काळात जे घेतलं त्याला श्रेय मिळतं. प्रसाद जरूर लावा, गोळी चुकवू नका.

फार्मसीवाला, फोंडा:
माझ्या धंद्यातलं सांगतो. बाबांच्या पाकिटात एक कागद ठेवा: 'मला मायस्थेनिया आहे.' दात काढायचा असो की घसा दुखो, आधी तो कागद पुढे करायचा. जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन यांनी त्रास भडकू शकतो, आणि यातली दोन-तीन तर लोक माझ्याकडे चिठ्ठीशिवाय मागायला येतात. शिरेतून मॅग्नेशियम, क्विनीन, ब्लडप्रेशरच्या बीटा ब्लॉकर गोळ्या, काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा. काही वेळा इलाज नसतो म्हणून द्यावं लागतं, पण ते डॉक्टरांनी जाणूनबुजून, काउंटरवरून नाही.

पायरिडोस्टिग्मिन अर्ध्या-पाऊण तासात लागू पडतं, तीन-चार तास टिकतं. गिळायला त्रास असेल तर जेवणाआधी पाऊण तास द्यावं का, ते विचारून घ्या. पोटात मुरडा, जुलाब, तोंडाला पाणी सुटणं हे त्याच गोळीचे प्रताप. मनाने डोस वाढवू नका, जास्त झाली तरी स्नायू ढिले पडतात.

माशेलची माई:
आणखी दोन गोष्टी. स्टेरॉइड चालू केले तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत त्रास वाढू शकतो. घाबरून बंद करायचं नाही, डॉक्टरांना कळवायचं. साखरही चढणार, ती मोजत राहा. ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) दिलं तर महिनोन्‌महिने वाट बघायची तयारी ठेवा, आणि रक्ततपासणी चुकवू नका.

दुसरं, हे महत्त्वाचं. पाणी नाकातून यायला लागलं, उताणं झोपवेना, एका श्वासात वीसपर्यंत मोजता येईना, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ लावायचा. माझी तशी एक रात्र झाली आहे. पाच दिवस आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडींचं शिरेतून द्यायचं औषध) चढवलं, मग उठून बसले.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) कार्ड चालू आहे ना ते आजच बघा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला चार लाख. ऑपरेशन त्यात बसतं का, ते आधी काउंटरवर विचारा. आमचं कार्ड नेमकं नूतनीकरणाविना पडून होतं, यजमानांनी दोन दिवस रांगेत काढले.

पखवाजी, पेडणे:
औषधातलं मला काही कळत नाही. पण भजन बंद करू नका. आमच्या मंडळात एकाला हाच आजार आहे, त्यांचा अभंग आम्ही सुरुवातीलाच ठेवतो. आणि मे महिन्यात बंद सभागृहात गायला बसवू नका, उकाड्याने ते लवकर ढेपाळतात.

डिचोलीकर:
सगळ्यांचं देव बरें करूं. आज सांगायला आलोय.

सीटीत गाठ नाही. सर्जन म्हणाले, ऑपरेशनचा विचार करू, पण आधी दोन महिने औषधावर स्थिर होऊ दे. व्हिडिओ दाखवला तेव्हा न्यूरॉलॉजिस्टनी तो तीनदा पाहिला आणि शिकाऊ डॉक्टरांनाही बोलावून दाखवला. पाकिटातल्या कागदाला मी प्लास्टिक करून घेतलं. आईने न विचारता त्याच पाकिटात प्रसादाची पाकळी ठेवली, राहू दिली.

उंडा सध्या बंद, सकाळी उकड्या तांदळाची पेज. काल एकादशीला साडेसहाला गोळी दिली, सव्वासातला पहिला अभंग बाबांचा. आवाज नाकात गेला नाही. दुसऱ्याला स्वतःच टाळ घेऊन मागे जाऊन बसले.