उबुंटू २२.०४ चे २४.०४ केल्यावर अपडेट अडकते, /बूट ९८% भरलेले

प्रश्न (इंदूर)
नमस्कार. वाचनालयातल्या संगणकावर उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या २२.०४ आवृत्तीचे २४.०४ केले. मशीन नीट सुरू होते, पण ‘सुडो एपीटी अपग्रेड’ दर वेळी लिनक्स-इमेज या कर्नलच्या (प्रणालीचा गाभा) पॅकेजपाशी थांबते आणि ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येते. डिस्कवर १८० जीबी मोकळे आहेत. /बूट (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींची जागा) मात्र ७०४ एमबीचे आणि ९८% भरलेले. डिस्क एन्क्रिप्टेड आहे. शिवाय वेगळ्या रिपॉझिटरीतून (पॅकेजेसचा साठा) घेतलेल्या ब्राउझरचे अपडेट येणेच बंद झाले. दोन्हींचा संबंध आहे का?

उत्तर १ (बडोदे)
नाही, ही दोन वेगळी दुखणी आहेत. आधी /बूट.

एन्क्रिप्टेड डिस्कवर /बूट वेगळे पार्टिशन असते, म्हणून बाकीच्या १८० जीबींचा इथे काही उपयोग नाही. इनिटआरडी (मशीन सुरू होताना कर्नलबरोबर लोड होणारी फाइल) नव्याने बनते तेव्हा जुनी फाइल तशीच ठेवून शेजारी ‘.न्यू’ लिहिली जाते आणि मग तिची जागा घेते. म्हणजे आणखी एका पूर्ण फाइलीची जागा मोकळी हवी. ती नसली की कर्नल अर्धवट राहतो आणि मागची सगळी पॅकेजेस रांगेत अडकतात.

‘यूनेम -आर’ ने चालू कर्नल बघा. त्याला हात लावायचा नाही. मग ‘डीपीकेजी -एल | ग्रेप लिनक्स-इमेज’ ने कर्नलांची यादी पाहा. ‘आयआय’ म्हणजे बसलेला, ‘आरसी’ म्हणजे काढलेला, नुसती कॉन्फिगरेशन उरलेली. आधी ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ करून पाहा. अडकलेल्या अवस्थेत ते बहुधा नकार देते. तसे झाले तर ५.१५ मालिकेतला एखादा जुना कर्नल ‘सुडो डीपीकेजी --पर्ज’ ने काढा. लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा हे लिनक्स-इमेजवर अवलंबून असते, म्हणून दोन्ही नावे एकाच कमांडमध्ये द्या, नाहीतर डिपेंडन्सीची तक्रार येईल. /बूटमधल्या फाइली थेट ‘आरएम’ करू नका: पॅकेजेसची नोंद ठेवणाऱ्या डीपीकेजीला ते कळत नाही.

जागा झाली की ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. हे चालू असताना वीज जाता कामा नये. मशीन यूपीएसवर घ्या.

उत्तर २ (ग्वाल्हेर)
ब्राउझरचे सांगतो. आवृत्ती बदलताना उबुंटू बाहेरच्या रिपॉझिटरी मुद्दाम बंद करते. /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट.डी मध्ये त्या ब्राउझरची फाइल उघडा. ओळीच्या सुरुवातीला ‘#’ असेल, किंवा ‘.सोर्सेस’ फाइलीत ‘एनेबल्ड: नो’ असेल. सुरू करण्याआधी ओळीत ‘जॅमी’ हे २२.०४ चे नाव आहे का पाहा. असल्यास ‘नोबल’ (२४.०४ चे नाव) करा, पण त्या रिपॉझिटरीत नोबल खरोखर असेल तरच. नाहीतर ‘रिलीज फाइल नाही’ अशी एरर येईल. ‘स्टेबल’ लिहिलेले असेल तर काही बदलू नका.

‘एपीटी अपडेट’ मध्ये ‘डब्ल्यू’ ने सुरू होणारी ओळ म्हणजे सूचना, ‘ई’ ने सुरू होणारी म्हणजे अडथळा. ‘फेजिंगमुळे पुढे ढकलले’ असे दिसले तर तो बिघाडच नाही. ते अपडेट टप्प्याटप्प्याने येते, ओढून घेऊ नका.

उत्तर ३ (इंदूर)
/बूट लहानच राहणार असेल तर इनिटरॅमएफएस.कॉन्फ मध्ये ‘मॉड्यूल्स=मोस्ट’ चे ‘डेप’ करा आणि ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा. इनिटआरडी बरीच लहान होते.

उत्तर १ (बडोदे)
वाचनालयात हे नकोच. ‘डेप’ मध्ये फक्त त्याच मशीनला लागणारी मॉड्यूल्स (हार्डवेअर चालवणारे कर्नलचे भाग) येतात. उद्या मदरबोर्ड गेला आणि डिस्क दुसऱ्या संगणकात लावली तर ती सुरू होईलच असे नाही. त्यापेक्षा चालू आणि त्याआधीचा, असे दोनच कर्नल ठेवा. ७०४ एमबीत ते सहज मावतात.

प्रश्नकर्ता (इंदूर)
५.१५ चे दोन कर्नल काढले, /बूट ४४% वर आले, ‘कॉन्फिगर -ए’ एररशिवाय पूर्ण झाले. ब्राउझरच्या फाइलीत ‘स्टेबल’ होते, नुसते ‘#’ काढून भागले. ‘डेप’ केलेले नाही.