१२ बाय १२ ची खोली, शहाबादी फरशी : अ‍ॅम्प-स्पीकर कोणते आणि कुठे ठेवायचे?

जुळेसोलापूरकर
गाणं ऐकायला १२ बाय १२ फुटांची खोली मोकळी केली आहे. उंची १० फूट, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, डाव्या भिंतीला मोठी स्लायडिंग खिडकी. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय आणि नाट्यसंगीत, रात्री टीव्हीवर सिनेमा. अ‍ॅम्प (आवाज वाढवणारं यंत्र) आणि स्पीकर मिळून लाखाच्या आत बसवायचं आहे. दुकानदार म्हणतो, १०० वॅटचं अ‍ॅम्प आणि टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच) स्पीकरच घ्या, नाहीतर खोली भरणार नाही. खरंच लागतात का? दुसरं, भिंतींना सोलापुरी चादरी टांगल्या तर घुमणं थांबेल का? आणि सध्याच्या जुन्या अ‍ॅम्पवर सतत बारीक गुणगुण येते. नव्यावरही येईल का?

खर्जातला
टॉवर नकोत. खोली चौरस आहे हीच मुख्य अडचण. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. ३४३ ला याच्या दुपटीने भागलं की ४७ हर्ट्झ येतात, म्हणजे दोन भिंतींमध्ये घुमणारा खर्जाचा सूर. लांबी-रुंदी सारखीच असल्याने दोन्ही दिशांना तोच सूर फुगतो, आणि त्याच्या दुपटीला, म्हणजे ९४ च्या आसपासही तेच. डग्ग्याची घुमक तिथेच कुठेतरी असते. टॉवरने त्यात भरच पडेल.

वॅटचं म्हणाल तर : ८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर एका वॅटवर एका मीटरला ८७ डेसिबल देतो. तुम्ही ६ फुटांवर बसणार, तिथे साधारण ५ डेसिबल कमी होतात, दोन स्पीकरचे ३ वाढतात. म्हणजे एका वॅटवरच ८५. ४५ वॅटवर १०१ च्या पुढे जातं, शेजारी दार वाजवतील एवढं. १०० वॅट घेतलेत तर मिळणार जेमतेम साडेतीन डेसिबल जास्त. डेनॉन पीएमए-६००एनई सारखं ८ ओहमला ४५ वॅटचं अ‍ॅम्प आणि ५ ते साडेसहा इंची वूफरचे (खर्ज वाजवणाऱ्या भागाचे) बुकशेल्फ, म्हणजे लहान पेटीचे स्पीकर, पुरेसे आहेत. निम्म्याहून जास्त पैसे स्पीकरवर घाला.

मांडणी : समोरच्या भिंतीपासून स्पीकरचं तोंड सव्वादोन फुटांवर, दोन ट्वीटरमध्ये (स्पीकरचा वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) ६ फूट, म्हणजे बाजूच्या भिंतींपासून तीन-तीन फूट सुटतात. तुमचं डोकं समोरच्या भिंतीपासून साडेसात फुटांवर. बरोबर मध्यावर बसलात तर ४७ हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येणार नाही, मागच्या भिंतीला टेकलात तर सगळा खर्ज जाड होईल. हे आकडे सुरुवातीचे आहेत. नंतर खुर्ची चार-चार इंच पुढेमागे सरकवून ऐका. पोर्ट (पेटीचं हवेचं भोक) मागच्या बाजूला असेल तर स्पीकर भिंतीला अजिबात चिकटवू नका.

मागवाला
चादरीबद्दल. भिंतीला सपाट ताणून लावलेली चादर फक्त वरचे सूर खाते. झांजेची चमक जाते आणि खर्ज जिथल्या तिथे. मग खोली आणखीच कोंदट वाटते. चारही भिंती चादरींनी मढवू नका, ते प्रदर्शन होईल.

काम करायचं तर तीन जागी करा. स्पीकर आणि तुमच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी किंवा गालिचा. खिडकीला जड पडदा, काचेच्या रुंदीच्या दुप्पट कापड, म्हणजे चुण्या पडतील, आणि काचेपासून चार इंच सुटा. बाजूच्या भिंतीवरची जागा शोधायला बसल्या जागेवरून पाहा : दुसऱ्याने भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा. ज्या ठिकाणी ट्वीटर दिसेल तिथे ४८ किंवा ६४ घनतेच्या (घनमीटरला किलो) रॉकवूलचे, म्हणजे दगडी लोकरीचे, ५० मिमीचे दोन थर लाकडी चौकटीत, भिंतीपासून दोन इंच सोडून. चौकटीवर चादरीचं कापड चालतं. मात्र आधी तोंडाला लावून फुंकून बघा, हवा सहज आरपार गेली पाहिजे. रॉकवूल कापताना हातमोजे आणि मास्क हवाच. खर्जासाठी तसेच जाड पॅनल मागच्या दोन कोपऱ्यांत.

वायरमन
गुणगुणीचं आधी निदान करा. अ‍ॅम्पच्या सगळ्या इनपुट वायरी काढा. तरीही येत असेल तर दोष अ‍ॅम्पच्या आत. थांबली तर एकेक वायर परत लावत जा. बहुतेक वेळा केबल टीव्हीची कोअ‍ॅक्स सापडते, कारण तिचं अर्थिंग बाहेर कुठेतरी आणि तुमचं घरात. दोहोंतून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो. टीव्हीचा आवाज ऑप्टिकल (विजेऐवजी प्रकाशाने आवाज नेणाऱ्या) वायरने घ्या, लूप तुटतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आऊटपुट पीसीएम (साधा स्टीरिओ आवाज) ठेवा. डॉल्बीवर (सिनेमाच्या अनेक स्पीकरांच्या आवाजावर) राहिलं तर साधं स्टीरिओ अ‍ॅम्प मुकं राहतं किंवा खरखरतं. अर्थिंगची पिन तोडून गुणगुण घालवू नका, जिवाशी खेळ आहे.

अर्थ आणि न्यूट्रल यांत मल्टिमीटरने व्होल्ट पाहून घ्या, दोन-तीनच्या वर असतील तर वायरिंग तपासायला हवं. उन्हाळ्यात आपल्याकडचा मुरूम कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थिंग कमजोर पडतं. नळाला पाणी येईल त्या दिवशी अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर ओतत जा.

स्पीकरची वायर २.५ चौरस मिमीची तांब्याची मल्टिस्ट्रँड. चार मीटरच्या जाण्यायेण्यात ०.०७ ओहमपेक्षाही कमी रोध, यावर महागडी वायर काही देत नाही. लाल-काळं दोन्हीकडे सारखं जोडा. एक बाजू उलटी झाली तर खर्ज नाहीसा होतो आणि गायक समोर बसलेला न वाटता खोलीभर पसरतो.

जुळेसोलापूरकर
आभार. स्टँड फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतो. उंची किती सांगू? आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालेल का?

खर्जातला
ट्वीटर कानाच्या पातळीत हवा. सोफा असेल तर २४ इंच. गादीवर मांडी घालून ऐकणार असाल तर आधी जमिनीपासून कानाची उंची मोजा, त्यातून स्पीकरच्या तळापासून ट्वीटरची उंची वजा करा. चौकोनी पाइपमध्ये उन्हात वाळवलेली बारीक वाळू भरा. ओली राहिली तर आतून गंजेल.

वायरमन
इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा असेल तर चालेल. स्क्वेअर वेव्हचा असेल तर ट्रान्सफॉर्मर गरम होऊन भुणभुणतो, तेव्हा बंदच ठेवा. आणि अ‍ॅम्पच्या वर चार इंच मोकळे सोडा, कूलरचा ओला झोत त्यावर येऊ देऊ नका.