साथ कळवणाऱ्यालाच भुर्दंड का?

तापीकाठ (धागाकर्ता):
सप्टेंबर १९९४. सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो माणसं शहर सोडून गेली. यंत्रमाग थंड, हिऱ्यांचे कारखाने बंद, औषधांच्या दुकानांत प्लेगवरचं टेट्रासायक्लिन औषधालाही मिळेना. त्याआधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघालाच होता. देशभरात मृत्यू ६० च्या आत राहिले, पण आखाती देशांनी विमानं बंद केली, आपला माल अडवला. जागतिक आरोग्य संघटना प्रवासबंदीची गरज नाही म्हणत होती, तिचं कोण ऐकतो!

२०२१ च्या नोव्हेंबरात तेच. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी कोरोनाचा नवा प्रकार ओमायक्रॉन ओळखून लगेच जगाला सांगितलं, तर ब्रिटन, युरोप, अमेरिकेने दक्षिण आफ्रिकेच्याच प्रवाशांना दारं लावली.

माझं म्हणणं असं की जो आधी कळवतो, मग तो देश असो, जिल्हा असो वा शेतकरी, त्याचं नुकसान भरून द्यायला निधी आधीच बाजूला काढलेला हवा. पोटावर पाय येणार असेल तर माणूस रोग लपवणारच.

पाणीपट्टी:
साफ असहमत. पैसे वाटून साथ हटत नाही. सुरत सावरली ती भरपाईने नव्हे. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले, अधिकाऱ्यांना रोज वॉर्डात उतरवलं, कचरा उचलायची शिस्त लावली आणि बड्यांचीही अतिक्रमणं पाडली. तुमचा निधी म्हणजे गटार तुंबलेलं ठेवून वर मलमपट्टी.

जुनी पेठ:
मला दोघांचंही पटत नाही. साथीत वेळ हातात नसतो, सक्ती करावीच लागते. आधी बंद करा, हिशेब मागाहून.

तापीकाठ:
@जुनी पेठ, तुमच्याच पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये सक्ती होऊन गेली. प्लेग अधिकारी रँडचे सोल्जर घरात घुसून झडत्या घेत, सामान जाळत. लोकांनी काय केलं? आजारी माणूस लपवला. त्याच वर्षीचा साथरोग कायदा महाराष्ट्राने मार्च २०२० मध्येही लावला. तो मूळ कायदा एकदा वाचा, जेमतेम चार कलमांचा होता. भरपाईबद्दल कलम २ मध्ये 'असल्यास' एवढंच, द्यायलाच हवी असं त्यात नाही. अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही हे मात्र कलम ४ मध्ये पक्कं. हिशेब मागाहून म्हणता, तो मागायचा कोणत्या कलमाखाली?

शेडवाला:
पोल्ट्रीतला माणूस म्हणून लिहितो. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू, म्हणजे कोंबड्यांचा साथरोग, निघाला. ज्यांचे पक्षी सरकारने मारले त्यांना भरपाई जाहीर झाली; कमी होती, पण होती. आमच्या शेडमध्ये रोग नव्हता, म्हणून आम्हाला काहीच नाही. चिकनचा भाव कोसळला, व्यापारी उचल करेना. ब्रॉयलर ४०-४५ दिवसांत तयार होतो. त्यापुढे तो रोज खाद्य खातो आणि भाव मात्र वाढत नाही. विकावं तर तोटा, ठेवावं तर जास्त तोटा. तापीकाठ, तुमच्या निधीतही आमच्यासारखे बसत नाहीत. सुरतेचा रोजंदार तरी कुठे बसतो? त्याने काही 'कळवलं' नव्हतं.

तापीकाठ:
मुद्दा रास्त आहे. मग भरपाई बाधित जिल्ह्यापुरती न ठेवता भाव पडला की आपोआप सुरू व्हायला हवी आणि मजुराला बंदीच्या पहिल्याच दिवसापासून रोजंदारी मिळायला हवी. खर्च मोठा आहे, मान्य. पण २०२० मध्ये मजूर मुलाबाळांसह मुंबई-नाशिक महामार्गाने चालत गेले, तो खर्च कुणाच्या खात्यात मांडायचा?

पाणीपट्टी:
मजुराच्या रोजंदारीला माझा पाठिंबा आहे, तेवढं स्पष्ट करतो. भाव पडल्यावर सरसकट भरपाईला मात्र नाही. तो पैसा शेवटी आरोग्य खात्याच्याच तरतुदीतून कापला जाईल आणि प्राथमिक केंद्रात तापाचा रुग्ण तपासायला डॉक्टर नसेल, तर तुमची साथ कळवणार कोण?