मदत हवी आहे: नागपूर-मुंबई १५ किलो, पुढे अमेरिकेला ४६ किलो

नमस्कार मंडळी,

आई-बाबा पुढच्या महिन्यात ताईच्या बाळंतपणासाठी नागपूरहून न्यू जर्सीला निघालेत. मुंबईपासून पुढे माणशी २३-२३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात. पण नागपूर-मुंबई तिकीट वेगळं, दुसऱ्या कंपनीचं काढलंय आणि त्यावर माणशी फक्त १५ किलो. म्हणजे दोघांचे ९२ किलो पुढे चालतील, पण मुंबईपर्यंत ३०च! काउंटरवर दर किलोमागे जे पैसे घेतात, त्यात आणखी एक तिकीट येईल.

दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये असते तर सहसा पुढच्या तिकिटाची मर्यादा लागू होते, असं एजंट म्हणतो. पण आता बदलायला बराच खर्च आहे. जादा वजन आधी ऑनलाइन घेतलं तर स्वस्त पडतं, पण ६२ किलो?

दुसरा पर्याय विदर्भ एक्स्प्रेसचा. थ्री एसीत माणशी ४० किलो मोफत नेता येतं. पण बाबांचे गुडघे दुखतात, दादरला चार बॅगा उतरवून विमानतळाच्या टी२ टर्मिनलला पोहोचणं त्यांना झेपेल का, याचीच काळजी वाटते.

डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतकाढा, बाळाची दुपटी यातलं काही काढायला आई तयार नाही, आणि मलाही तिला तसं सांगवत नाही.

पुढचं अमेरिकेचं तिकीट दाखवल्यावर देशांतर्गत काउंटरवर कुणाला सूट मिळाली आहे का? की थोड्या बॅगा कुरिअरने आधीच मुंबईला मावशीकडे पाठवू? नागपूरकरांनो, तुम्ही काय करता?